चेक इंजिन लाइट घालवली तरी परत येते: घरच्यासाठी कोणता स्कॅनर घ्यावा

पिवळी लाइट लागते. गॅरेजमध्ये स्कॅनर लावून कोड उडवतात, तीन-चारशे रुपये घेतात आणि "आता नाही येणार" म्हणून गाडी हातात देतात. थोडे दिवस डॅशबोर्ड स्वच्छ राहतो. मग गावाला जाताना मध्येच पुन्हा तीच इंजिनाची खूण. पुढच्या खेपेला ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो, त्याच्या पुढच्या खेपेला प्लग आणि कॉइल. पाच-सात हजार गेल्यावर माणूस ठरवतो की आता स्वतःचाच स्कॅनर घ्यायचा. ऑनलाइन शोधायला बसलं की पाचशे रुपयांपासून लाखापर्यंत काय वाट्टेल ते मिळतं आणि प्रत्येकावर छापलेलं असतं, "सर्व गाड्यांना चालतो".

इथे बहुतेक जण जे घेतात ते गॅरेजवाल्याकडे आधीच होतं: कोड वाचणारं आणि कोड उडवणारं यंत्र. त्याने प्रश्न तिथे सुटला नाही, तर घरी आणून कसा सुटेल? लाइट परत परत येत असेल तर आपल्याला हवंय ते बिघाड झाला त्या क्षणी इंजिन काय करत होतं हे दाखवणारं यंत्र. हे काम करणारं साधन दोन हजारांतही मिळू शकतं आणि दहा हजारांच्या डब्यातही नसू शकतं. म्हणून किंमत नंतर बघू, आधी लाइटचा स्वभाव बघू.

कोड उडवला की काय काय उडतं

इंजिनाच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, एखादी गोष्ट चुकीची दिसली की बहुतेक बिघाडांच्या बाबतीत तो लगेच लाइट लावत नाही. पहिल्या फेरीत तो कोड 'पेंडिंग' म्हणून टिपून ठेवतो. पुढच्या फेरीत तेच पुन्हा दिसलं तर कोड पक्का होतो आणि लाइट लागते. त्याच वेळी तो एक नोंद करतो, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात: आरपीएम किती, वेग किती, इंजिनावर लोड किती, कूलंटचं तापमान किती, पेट्रोलची वाढ-घट किती. साधारणपणे अशी एकच नोंद जपली जाते.

कोड उडवला की ही नोंदही जाते. शिवाय ईसीयूने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्याच्या खुणा, ज्यांना रेडिनेस मॉनिटर म्हणतात, त्या पुसल्या जातात आणि बऱ्याच गाड्यांत शिकून ठेवलेलं फ्युएल ट्रिमही (तीच पेट्रोलची वाढ-घट) शून्यावर येतं. पंचनामा करायच्या आधीच जागा धुऊन काढावी तसा हा प्रकार. गाडी काही दिवस चांगली वाटते ती याच कारणाने: तपासण्या पुन्हा पूर्ण व्हायला आणि तोच बिघाड दोन फेऱ्यांत दिसायला वेळ लागतो. लाइट 'परत' येत नाही, ती मुळात गेलेलीच नसते.

उलट, खरी दुरुस्ती झाली असेल तर कोड उडवायची गरजही नसते. बिघाड न दिसता लागोपाठ तीन फेऱ्या झाल्या की लाइट आपोआप विझते. कोड मात्र पुढे इंजिन गरम होण्याची ४० आवर्तनं होईपर्यंत स्मृतीत राहतो. म्हणून गॅरेजवाल्याला सांगायचं ते एवढंच: उडवण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढू द्या. नाही म्हणाला तर गॅरेज बदला.

एक अपवाद. लाइट स्थिर नसून लुकलुकत असेल तर इंजिन जोरात मिसिंग मारतंय आणि न जळलेलं पेट्रोल कॅट-कॉनमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात, जाऊन त्याची वाट लावतंय. तेव्हा स्कॅनर शोधत बसू नका. अॅक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या.

फक्त घाटात लागणारी लाइट

ओळखीतल्या एका दहा वर्षांच्या पेट्रोल हॅचबॅकचा किस्सा सांगतो, कारण स्कॅनरकडून काय मागायचं ते त्यातून नीट कळतं. कोड पी ०१७१, म्हणजे मिश्रण लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. पुण्यात रोजच्या वापरात काही नाही. साताऱ्याकडे निघालं की खंबाटकीच्या चढावर किंवा थोडं पुढे लाइट लागायची. गॅरेजमध्ये गाडी उभी करून आयडलिंगवर बघायचे, सगळं ठीक दिसायचं, कोडमध्ये ऑक्सिजन सेन्सरचा संबंध येतो म्हणून तो बदलला गेला. सेन्सर बिचारा खरं बोलत होता.

पुढच्या वेळी लाइट लागल्यावर काहीही न उडवता फ्रीझ फ्रेम पाहिली. आरपीएम तीन हजारांच्या आसपास, लोड ऐंशीच्या वर, कूलंट ९० अंश, लाँग टर्म ट्रिम वीस टक्क्यांच्या पुढे. म्हणजे बिघाड उभ्या गाडीत सापडणारच नव्हता. इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं तेव्हाच ते पुरत नव्हतं.

ट्रिम म्हणजे ईसीयूने हिशेबाने ठरवलेल्या पेट्रोलमध्ये ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून केलेली वाढ किंवा घट, टक्क्यांत. शॉर्ट टर्म क्षणाक्षणाला हलतं, लाँग टर्म हळूहळू शिकतं. दोन्हींची बेरीज दहा टक्क्यांच्या आत असेल तर साधारणपणे काळजी नसते. वीस-पंचवीसच्या पुढे गेली की कोड येतो. खरी माहिती मात्र या आकड्यापेक्षा तो कधी वाढतो यात आहे. या गाडीत आयडलिंगला तीन-चार, सपाट रस्त्यावर आठ-नऊ आणि चढावर वीसच्या वर. लोडबरोबर ट्रिम वाढत गेलं की संशय पेट्रोलच्या पुरवठ्यावर: टाकीतला पंप, त्याची जाळी, फिल्टर. पंपाचं प्रेशर मोजलं तर कमी भरलं. जाळी गाळाने भरलेली होती आणि पंपही थकलेला. दोन्ही बदलल्यावर कोड न उडवताच लाइट विझली.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण बाहेरचे व्हिडिओ पाहून अनेक जण फसतात. अमेरिकन व्हिडिओंमध्ये पी ०१७१ आला की पहिलं वाक्य असतं, "व्हॅक्यूम लीक शोधा, आयडलला ट्रिम जास्त दिसेल." हे मास एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत खरं आहे, कारण सेन्सरच्या नंतर शिरलेली हवा मोजलीच जात नाही. आपल्याकडच्या पुष्कळ छोट्या पेट्रोल गाड्यांत तो सेन्सर नसतो. मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तिथे पाइप फाटून हवा शिरली की दाब वाढतो, ईसीयूला वाटतं हवा जास्त आली, तो पेट्रोलही जास्त सोडतो. परिणामी ट्रिम फारसं हलत नाही, आयडलिंगच चढतं. म्हणून आधी आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे ते बघा. स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये ग्रॅम प्रति सेकंद दिसतंय की किलोपास्कल, यावरून सहसा कळतं.

मॅप सेन्सर तपासायची युक्ती फुकटातली आहे. चावी ऑन, इंजिन बंद. आकडा बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा यायला हवा: मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६. पुण्यात उभी गाडी ८० दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याचं वायरिंग बघा. गरम इंजिन आयडलिंगला बहुतेक गाड्यांत तीस ते चाळीसच्या दरम्यान येतं.

तर यंत्राने काय दाखवलंच पाहिजे

वरच्या किस्स्यात कोडचा अर्थ सांगणारी यादी कुठेच कामाला आली नाही. ती फोनवर शोधूनही मिळते. कामाला येतात त्या चार गोष्टी: फ्रीझ फ्रेम, पेंडिंग कोड, ट्रिमसकट लाइव्ह डेटा आणि तो डेटा चालत्या गाडीत नोंदवून नंतर ग्राफवर बघायची सोय. शेवटची सोय सर्वांत महत्त्वाची, कारण घाटात गाडी चालवताना स्क्रीनकडे बघायचं नसतं. नोंद करायला लावा, फोन खिशात ठेवा, चढ संपल्यावर थांबून बघा.

दीड-दोन हजारांचे छोटे हातातले कोड रीडर, दोन ओळींची स्क्रीन आणि चार बटणं असलेले, इथेच मागे पडतात. कोड वाचतात, उडवतात, पुष्कळदा फ्रीझ फ्रेमही दाखवतात, पण नोंद ठेवून ग्राफ दाखवण्याच्या बाबतीत लंगडे. त्यांचा एक फायदा मात्र मानतो: फोन, अॅप, पेअरिंग, काही भानगड नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना नुसतं "लाइट कशाची आहे" एवढंच बघायचं असेल तर तो उत्तम.

घरच्या दुरुस्तीसाठी माझं मत ब्लूटूथ किंवा वायफाय अॅडॉप्टर आणि फोनवरचं चांगलं अॅप असंच आहे. अँड्रॉइडवर टॉर्क आणि कार स्कॅनर ही दोन अॅप पुष्कळ जण वापरतात, दोन्हींची फुकट आवृत्ती सुरुवातीला पुरते. आयफोन असेल तर जपून: जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ अॅडॉप्टर आयफोनला चालत नाही. ब्लूटूथ एलई किंवा वायफायचंच घ्या. वायफायवाल्यात फोनचं इंटरनेट अडकतं, एवढी गैरसोय.

आता स्वस्त आणि महाग अॅडॉप्टरमधला फरक. सगळ्यांवर 'ईएलएम ३२७' लिहिलेलं असतं. ही चिप मुळात कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. तिची पहिली आवृत्ती नक्कल होण्यापासून सुरक्षित नव्हती, ती उचलली गेली आणि तिथून पुढे नकलेची नक्कल सुरू झाली. मूळ कंपनी २०२२ साली बंदही झाली. बाजारात 'आवृत्ती १.५' म्हणून जे मिळतं ती आवृत्ती एल्मने कधी काढलीच नव्हती. आणि 'आवृत्ती २.१' लिहिलेल्या पाचशे रुपयांच्या निळ्या डब्यांतले बरेच जण जुन्या आज्ञाही धड पाळत नाहीत. नक्कल म्हणजे टाकाऊ असं नाही. २०१५ नंतरच्या साध्या गाडीवर यातले कित्येक चालतात. अडतात ते जुन्या गाडीवर, जास्त माहिती एकदम मागितली की किंवा मध्येच तुटून. ओबीडीलिंकसारखे स्वतःची एसटीएन चिप वापरणारे अॅडॉप्टर कितीतरी महाग पडतात, पण वेग आणि भरवसा यात फरक लगेच कळतो. अधलामधला मार्ग म्हणजे परत करता येईल अशा ठिकाणाहून मध्यम किमतीचा घ्यायचा आणि पहिल्याच दिवशी दोन वेगवेगळ्या गाड्यांवर लावून बघायचा.

आधी गाडीचं वय

स्कॅनर चालत नाही म्हणून तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची गाडीच जुनी असते. आपल्याकडे चारचाकींना ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून ते स्कॅनरला ठरावीक पद्धतीने सांगायची सोय) बंधनकारक झालं ते बीएस-४ गाड्यांना, एप्रिल २०१३ पासून. त्याआधी एप्रिल २०१० पासून ओबीडीचा पहिला टप्पा होता, तो अर्धामुर्धा. अमेरिकेत हेच १९९६ च्या मॉडेलपासून आहे, म्हणून तिथल्या वेबसाइटवर "१९९६ नंतरच्या सर्व गाड्या" असं लिहिलेलं असतं. ते आपल्याला लागू नाही.

त्यातही गंमत अशी की २०१० साली बीएस-४ सुरू झालं ते तेरा शहरांत. महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर. बाकी भागात टप्प्याटप्प्याने आणि देशभर एप्रिल २०१७ मध्ये. म्हणजे २०१४ साली आडगावी नोंदवलेली गाडी बीएस-३ असू शकते आणि त्याच वर्षाची पुण्यातली तिची जुळी बहीण बीएस-४. सोळा पिनांचं सॉकेट दोघींतही असेल, बोलेल एकच. एप्रिल २०२० नंतरची गाडी बीएस-६ आहे, तिथे ही काळजी नाही.

सॉकेट स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी असतं, कधी फ्यूजबॉक्सच्या झाकणामागे. टॉर्च लावून आत बघा. ६ आणि १४ नंबरच्या खाचांत धातूच्या पिना असतील तर गाडी कॅन भाषेत बोलते आणि जवळजवळ कुठलंही अॅडॉप्टर चालेल. त्या रिकाम्या आणि ७ नंबरला पिन असेल तर के-लाइन. ती संथ असते, सेकंदाला दहा हजार बिटांच्या आसपास, तर कॅनवर इंजिनाची लाइन सहसा पाच लाख. के-लाइनवर एकाच वेळी वीस आकडे मागितले तर प्रत्येक आकडा काही सेकंदांनी बदलतो आणि ग्राफ निरुपयोगी होतो. चार-पाचच निवडा: आरपीएम, मॅप, दोन्ही ट्रिम, पुढचा ऑक्सिजन सेन्सर. काही जुन्या मारुतींत कंपनीची स्वतःचीच बोली आहे, तिथे सर्वसामान्य अॅडॉप्टर मुकाच राहतो. त्या गाडीसाठी पैसे घालू नका. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे त्या गाड्यांचं जुनं यंत्र असतं, तोच बरा.

लिंकच होत नाही

अॅडॉप्टर लावला आणि त्याची लाइटच लागली नाही तर १६ नंबरच्या पिनेला करंट नाही. या पिनेला चावी बंद असतानाही बॅटरीचा प्लस यायला हवा. ४ आणि ५ नंबरला अर्थ. पुष्कळ गाड्यांत सॉकेटचा फ्यूज सिगारेट लायटरच्या सॉकेटबरोबर सामायिक असतो. मोबाइल चार्जर किंवा टायरमध्ये हवा भरायचा पंप लावून तो उडवलेला असतो आणि कुणाच्या लक्षातही नसतं. लायटरचं सॉकेट चालतंय का ते आधी बघा. मल्टिमीटर लावायचा तर जाड टोक पिनेत घुसवू नका, खाच फाकली की पुढे कुठलाच स्कॅनर नीट बसत नाही.

अॅडॉप्टरची लाइट लागते पण फोनला सापडत नाही: जुनं ब्लूटूथ असेल तर आधी फोनच्या सेटिंगमध्ये पेअर करायचं, पिन बहुधा १२३४ किंवा ००००. एलई असेल तर उलट, सेटिंगमध्ये पेअर न करता थेट अॅपमधून निवडायचं. अँड्रॉइडवर अॅपला लोकेशनची परवानगी लागू शकते. वायफायवाल्याचा पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.०.१०, पोर्ट ३५०००.

फोनला अॅडॉप्टर दिसतो पण ईसीयू सापडत नाही: चावी ऑन करा, नुसती अॅक्सेसरीवर नको. बटण स्टार्ट असेल तर ब्रेक-क्लच न दाबता दोनदा बटण. तरी नाही तर अॅपमध्ये प्रोटोकॉल 'ऑटो' ऐवजी हाताने निवडा. सॉकेटला स्प्लिटर लावून जीपीएस ट्रॅकर बसवलेला असेल, टुरिस्ट परमिटच्या आणि विकत घेतलेल्या जुन्या गाड्यांत तो असतोच, तर आधी तो काढा. दोघे एकाच लाइनवर बोलायला लागले की कुणाचंच ऐकू येत नाही. हे सगळं करून झालं की अॅडॉप्टर शेजाऱ्याच्या नव्या गाडीत लावा. तिथेही चालत नसेल तर तो परत पाठवा.

'सर्व सिस्टीम' म्हणजे काय

ओबीडी-२ चा कायदा धुराशी संबंधित गोष्टींपुरता आहे. इंजिन आणि काही अंशी गिअरबॉक्स. एबीएस, एअरबॅग, पॉवर स्टिअरिंग, बॉडी कंट्रोल, हे प्रत्येक कंपनीचं स्वतःचं. म्हणून एबीएसची लाइट लागली असताना साधं अॅडॉप्टर "एकही कोड नाही" म्हणेल, आणि ते खोटं बोलत नसेल, त्याला ते खातं दिसतच नाही. खोक्यावर 'फुल सिस्टीम' लिहिलं असेल तर तुमचं मॉडेल आणि साल त्याच्या यादीत आहे का हे विकणाऱ्याकडून आधीच लेखी विचारा. युरोपातल्या मॉडेलचं नाव तेच असलं तरी आपल्याकडच्या गाडीत ईसीयू वेगळा असू शकतो.

फोक्सवॅगन-स्कोडावाल्यांना यात नशीब चांगलं आहे. व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन या साधनांत त्यांच्या गाड्यांचं बहुतेक सगळं मिळतं. फोर्डवाल्यांना फोरस्कॅन आहे, फक्त त्याला दोन्ही कॅन लाइनी वाचणारं अॅडॉप्टर लागतं. फोर्डने आपल्याकडे गाड्या बनवणं थांबवल्यापासून जुन्या इकोस्पोर्ट-फिगोवाल्यांनी हे घेऊन ठेवणं शहाणपणाचं.

ऑटेल, लाँच वगैरेंचे टॅबलेटसारखे दुतर्फा स्कॅनर नुसतं वाचत नाहीत, हुकूमही देतात: फॅन चालू कर, इंजेक्टर बंद कर, एबीएसच्या पंपातली हवा काढ, मागचे इलेक्ट्रॉनिक ब्रेक पॅड बदलण्यासाठी उघड, नव्या डिझेल इंजेक्टरचा कोड भर. चांगले पन्नास हजारांच्या घरात जातात आणि एक-दोन वर्षांनी अपडेटचे पैसे वेगळे. एका गाडीसाठी हा व्यवहार मला पटत नाही. दोन-तीन भाऊ, सोसायटीतले चार जण मिळून घेणार असाल तर गोष्ट वेगळी. एरवी हुकूम द्यायची वेळ वर्षातून एखादी येते, तेवढ्यासाठी ज्याच्याकडे यंत्र आहे त्याला हजार रुपये द्यावेत. एअरबॅगच्या वायरिंगला तर घरी हात लावूच नका, यंत्र कितीही भारी असो.

सारख्या येणाऱ्या लाइटची आपल्याकडची नेहमीची कारणं

पी ०१२८ आला तर पहिला प्रश्न: थर्मोस्टॅट आहे का? उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून तो काढूनच टाकायची सवय अनेक गॅरेजांना आहे. मग हायवेवर कूलंट साठ-पासष्टच्या वर जात नाही, ईसीयूला वाटतं इंजिन अजून थंडच आहे, अॅव्हरेज पडतं आणि लाइट येत राहते. वीस मिनिटं चालवून लाइव्ह डेटात तापमान ऐंशीच्या वर जाऊन टिकतं का एवढं बघितलं तरी निकाल लागतो.

पी ०४२० हा कॅट-कॉनचा कोड. बदलायला तीस-चाळीस हजारांपर्यंत सांगतात, म्हणून घाई नको. पुढचा ऑक्सिजन सेन्सर वर-खाली नाचतो आणि मागचा साधारण ०.६ ते ०.७ व्होल्टवर शांत राहतो, असं दिसलं तर कॅट-कॉन काम करतोय. मागचाही पुढच्याच्या तालावर नाचायला लागला तर संशय खरा. त्याआधी सायलेन्सरच्या सांध्यातून गळती आणि मिसिंग या दोन गोष्टी बघून घ्या. मिसिंग न थांबवता नवा कॅट-कॉन बसवला तर तोही जाईल.

पावसाळ्यात उंदीर. बॉनेटखाली ऊब मिळते, वायरींचं आवरण कुरतडलं जातं, आणि कोड येतात ते दर वेळी वेगळे: आज ऑक्सिजन सेन्सरचा, उद्या कॅमचा, परवा 'यू'ने सुरू होणारा संपर्क तुटल्याचा. कोड असे भटकत असतील तर एकही सेन्सर विकत घेऊ नका. इंजिन चालू ठेवून त्या सेन्सरचा ग्राफ लावा आणि कुणाला तरी एकेक कपलर आणि वायरिंगचा जुडगा हलकेच हलवायला सांगा, फॅन आणि बेल्टपासून हात लांब ठेवून. ग्राफ जिथे कोसळला तिथे तुटकी वायर. कपलर उघडून हिरवट गंज आहे का तेही बघा. भटक्या कोडांचं दुसरं कारण थकलेली बॅटरी. स्कॅनर व्होल्टेजही दाखवतो: इंजिन बंद असताना साडेबाराच्या आसपास, चालू असताना बहुधा पावणेचौदा ते साडेचौदा. स्टार्टरच्या वेळी नऊच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी.

सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर ट्रिम दोनदा मोजा, एकदा पेट्रोलवर, एकदा गॅसवर, दोन्ही वेळा इंजिन गरम असताना. फक्त गॅसवर बिघडत असेल तर किटचं मॅपिंग, गॅस फिल्टर, रिड्यूसर. सेन्सरवाल्याकडे जाण्याऐवजी किटवाल्याकडे जा.

आणि वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते तिथे ई-२० ला साडेतेराच्या आसपास. दहा टक्क्यांच्या पेट्रोलवरून वीसवर आलं की तेवढ्याच हवेला साधारण चार टक्के जास्त इंधन लागतं. जुन्या गाडीत ट्रिम तेवढं वर सरकलेलं दिसेल, तो बिघाड नाही. पण पंप किंवा इंजेक्टर आधीच थकलेले असतील आणि ट्रिम सोळा-सतरावर टेकलेलं असेल, तर हे चार टक्के त्याला काठाबाहेर ढकलतात. "ई-२० मुळे लाइट आली" म्हणणारे म्हणून अर्धे बरोबर असतात.

बीएस-६ डिझेलमध्ये शहरात छोट्या फेऱ्या मारणाऱ्यांना डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, लाइट सतावते. इथे साध्या अॅडॉप्टरलाही गाडीनुसार अॅपमध्ये काजळीचा आकडा वाचता आला तर मोठी सोय होते, कारण साफसफाई चालू असताना इंजिन बंद करणं टाळता येतं. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या वेगाने हायवेवर गाडी चालवूनही आकडा उतरला नाही तरच सक्तीच्या साफसफाईसाठी दुतर्फा स्कॅनरवाला गाठा. आकडा चढण्यामागे ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा इंजेक्टर असेल तर तीही साफसफाई महिनाभरच टिकेल, हे त्याच्याकडूनच आधी वदवून घ्या.

शेवटी अॅडॉप्टर सॉकेटमध्ये कायमचा लावून ठेवण्याबद्दल. ठेवू नका. स्वस्त अॅडॉप्टर गाडी बंद असतानाही करंट खातात. चाळीस मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला जवळजवळ एक अँपिअर-तास. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी असते ३५ अँपिअर-तासांची. गाडी दोन आठवडे उभी राहिली तर तेरा-चौदा गेले, आणि मग सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो. शिवाय पिन १२३४ असलेलं ब्लूटूथ पार्किंगमधल्या कुणालाही जोडता येतं. काम झालं की काढून ग्लोव्हबॉक्समध्ये टाका.